अंबाजोगाईत दोन रात्री

बीड जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या भाविकाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. भल्या पहाटे गाडी निघते, दुपारपर्यंत परळीला वैजनाथाचं दर्शन होतं, तासाभराने अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरली जाते आणि चहा घेऊन मंडळी तुळजापूरच्या नाहीतर औंढ्याच्या रस्त्याला लागतात. एका दिवसात दोन-तीन देवस्थानं झाल्याचं समाधान मिळतं. गावं मात्र गाडीच्या काचेतूनच मागे पडतात. ज्यांना देवदर्शनाबरोबर गावंही पाहायची आहेत, घरी परतल्यावर पुन्हा जावंसं वाटेल अशी जागा शोधायची आहे, त्यांनी बीड जिल्ह्याकडे जरा वेगळ्या बेताने यावं.

खूप फिरलेल्या माणसाला त्याचं आवडतं शहर विचारलं की तो सहसा मुक्काम केलेल्या शहराचं नाव घेतो. मीना प्रभूंनी पुढे देशोदेशींवर पुस्तकं लिहिली, पण त्यांच्या प्रवासलेखनाची सुरुवात 'माझं लंडन'पासून झाली, आणि लंडन तर त्यांचं राहतं शहर होतं. याच्या उलट हाल व्हेनिसचे. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्यांनी ते शहर इतकं बेजार झालं, की एप्रिल २०२४पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. रात्री शहरात राहणाऱ्यांना ते माफ आहे. अंबाजोगाईत किंवा परळीत असं शुल्क कुणी लावणार नाही, लावूही नये. पण मुक्कामी पाहुण्यामुळे खानावळीला, लॉजला, रिक्षावाल्याला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला चार पैसे मिळतात, आणि पाहुण्यालाही गावाशी बोलायला वेळ मिळतो. पाऊसपाण्याचा भरवसा नसलेल्या या जिल्ह्यात त्या चार पैशांना फार किंमत आहे.

मग मुक्काम कुठे करावा? पहिलं नाव अंबाजोगाईचं, आणि तिथे एक रात्र पुरत नाही.

बालाघाटाच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी हे गाव वसलं आहे. उंचावर असल्याने इथली हवा परळीच्या मानाने सुखाची. निजामाच्या राजवटीत गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळाची छावणी होती. गावाचं खरं वैभव त्याआधीचं, यादवकाळातलं. पहिल्या संध्याकाळी योगेश्वरीच्या देवळात जावं, आरतीला उभं राहावं, आणि त्यानंतर घाईने खोलीवर परतू नये. देवळाच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी. इथे कोकणातून आलेली कुटुंबं हमखास भेटतात, कारण योगेश्वरी ही चित्पावनांसह अनेक कोकणी घराण्यांची कुलस्वामिनी. रत्नागिरीकडच्या माणसाची कुलदेवी मराठवाड्यात कशी, या प्रश्नाचं उत्तर गावातला कुणीही मोठ्या आवडीने सांगतो: परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी इथेच कुमारिका म्हणून राहिली आणि वऱ्हाडी मंडळींचे दगड झाले. ही कथा पुस्तकात वाचण्यापेक्षा देवळाच्या ओवरीत बसलेल्या एखाद्या आजींकडून ऐकावी. त्यांच्या सांगण्यात रुसवेफुगवे, मानपान, सगळं येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, हत्तीखाना गाठावा. अखंड खडकात खोदलेली ही लेणी. लोक तिला जोगाईचा मांडव असंही म्हणतात, म्हणजे रात्री ऐकलेल्या कथेतलं लग्नघर. चौकात उतरलं की समोर नंदीमंडप आणि भोवती खडकातच कोरलेले हत्ती. सोंडा, कान झिजले आहेत, पण अंगाचा भरदारपणा अजून हाताला जाणवेल असा आहे. वेरूळला जी गर्दी असते तिचा इथे मागमूस नाही, त्यामुळे खांबांच्या सावलीत निवांत बसून पाहता येतं. पायांत घट्ट चपला किंवा बूट घालावेत, पाण्याची बाटली सोबत ठेवावी, आणि ती रिकामी झाली की परत न्यावी. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

तिथून बाराखांबीला जावं. सकलेश्वराचं हे देऊळ यादव राजा सिंघणाच्या काळातलं, तिथल्या शिलालेखानुसार १२२८ सालचं. सिंघणाचा कर्तबगार सेनापती खोलेश्वर याचा या गावाशी जवळचा संबंध. त्याच्या नावाचं देऊळही गावात आहे. २०२५ साली राज्याच्या पुरातत्त्व खात्याने बाराखांबीच्या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा आणखी दोन देवळांचे पाये उजेडात आले. म्हणजे पूर्वी ज्यांनी अंबाजोगाई पाहिली आहे त्यांनाही इथे नवं काही पाहायला मिळेल. खोदकामाच्या जागी दोरी लावलेली असेल तर ती ओलांडू नये आणि सुटा पडलेला कोरीव दगड हलवू नये. तो कुठे, कसा पडला आहे, यावरूनच अभ्यासकांना देवळाची मांडणी कळत असते.

मराठी वाचकासाठी मात्र या गावात देवळांहून मोठं असं काही आहे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगरदरीत आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ परंपरेनुसार शके १११०मधला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा. विदर्भातल्या आंभोऱ्याचाही मुकुंदराजांवर हक्क सांगितला जातो आणि विद्वानांत त्यावर वाद आहेत. ते वाद ठाऊक असूनही संध्याकाळच्या वेळी समाधीच्या दरीत उतरावं. पावसाळ्यानंतर ती हिरवीगार असते.

गावाचे दुसरे कवी दासोपंत, १५५१ ते १६१५ या काळातले. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. पण त्यांची सगळ्यांत नवलाची कृती म्हणजे पासोडी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण लिहून काढलं. कागदाचा ग्रंथ उघडून वाचता येतो; ही पासोडी उलगडायलाच दोन-चार माणसं लागावीत. चारशे वर्षांपूर्वी शाईने कापडावर इतकं लिहायला बसलेल्या माणसाची बैठक किती पक्की असेल, याचा विचार ती पाहताना मनात येतोच. दासोपंतांची परंपरा गावात थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी चालत आली आहे. ही घरची देवघरं आहेत, संग्रहालयं नव्हेत. तेव्हा आधी विचारून, त्यांच्या सोयीची वेळ घेऊन जावं. पासोडी पाहायला मिळेलच असं धरून चालू नये, आणि फोटोसाठी आग्रह तर अजिबात धरू नये. माघ वद्य षष्ठीला दासोपंतांची पुण्यतिथी असते. त्या दिवसांत गेल्यास गाव या परंपरेशी कसं बांधलेलं आहे ते दिसतं.

अंबाजोगाईची आणखी एक ओळख शाळेची आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९३०च्या दशकात इथल्या योगेश्वरी विद्यालयात होते. १९३८नंतर ते पूर्णपणे लढ्यात उतरले आणि १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. गावातल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांची मोठी वस्ती असल्याने गावात व्याख्यानं आणि गाण्याचे कार्यक्रम होत असतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला होणारा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह तर ठरवून गाठावा. शेतकरी परिषद, कवी संमेलन आणि शास्त्रीय संगीत अशी मांडणी एकाच समारोहात फार थोड्या ठिकाणी सापडते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मार्गशीर्षातला देवीचा उत्सव येतो, तो पौर्णिमेपर्यंत चालतो. त्या दिवसांत खोली आधीच ठरवून ठेवावी.

परळीला अंबाजोगाईहूनच जाऊन यावं. अंतर सुमारे २५ किलोमीटर, एसटी आणि खासगी गाड्या दिवसभर चालू असतात. पहाटे निघून उजाडताना वैजनाथाच्या पायऱ्या चढाव्यात. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे एक मानलं जातं. झारखंडच्या देवघरचाही त्यावर दावा आहे, आणि दोन्हीकडचे भाविक आपापल्या श्रद्धेवर ठाम आहेत. सध्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. गर्दी नसेल तेव्हा इथे गाभाऱ्यात जाऊन लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं, हे परळीचं वैशिष्ट्य. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला मात्र रांगेत बराच वेळ जातो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळलेले बरे. परळी हे औष्णिक वीज केंद्राचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. बाजार मोठा, वर्दळ मोठी. मुक्कामासाठी अंबाजोगाईच बरी, असं स्पष्ट सांगायला हरकत नाही. परतताना वेळ असेल तर धर्मापुरीच्या केदारेश्वराकडे वळावं. चालुक्यकाळातल्या या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं आहेत. एक-एक शिल्प पाहत देवळाला सावकाश प्रदक्षिणा घालावी.

बीड शहराबद्दल बाहेरच्यांचं मत बहुतेक वेळा बातम्यांवरून बनलेलं असतं, आणि अलीकडच्या बातम्यांनी ते काही सुधारलेलं नाही. शहर पाहिलं की त्यापलीकडचं बरंच हाती लागतं. एक दिवस आणि एक रात्र बीडला द्यावी.

सुरुवात शहराबाहेरून, सोलापूरच्या दिशेला असलेल्या खजाना बावडीपासून करावी. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२च्या सुमाराला, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधवून घेतली. तिचा आराखडा राजा भास्कर याचा. वरून पाहिलं तर साधी गोल विहीर वाटते. खरी करामत जमिनीखाली आहे: दोन भुयारी कालव्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून शेतांकडे निघून जातं, तेही फक्त उताराच्या जोरावर. मोट लागत नाही, पंप लागत नाही. दुष्काळातही ती आटली नाही, हे इथली जुनी माणसं अभिमानाने सांगतात. इराणमधल्या यझ्द शहराच्या भोवतीच्या भुयारी कालव्यांची कीर्ती जगभर आहे. 'कनात' म्हणतात त्या या इराणी कालव्यांना २०१६मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच विद्येची एक शाखा बीडच्या माळरानात चार शतकांहून अधिक काळ काम करते आहे. इथे कठड्यावरून वाकून सेल्फी काढण्याचा मोह आवरावा आणि मुलांचा हात धरून ठेवावा.

शहरात कंकालेश्वराचं देऊळ चौकोनी तळ्याच्या मधोमध उभं आहे. छोट्या पुलावरून आत जायचं. सकाळच्या उन्हात पाण्यात पडणारं प्रतिबिंब, कोनाकोनांनी पुढे-मागे होत गेलेल्या भिंती, आतले तीन गाभारे. सगळं बारकाईने पाहायला तास लागतो. तिथून डोंगरावरच्या खंडोबाला जावं, संध्याकाळी. देवळासमोरच्या दोन अष्टकोनी दीपमाळा सुमारे ७० फूट उंच आहेत. देऊळ सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं असं काही जण सांगतात, काही महादजी शिंद्यांचं नाव घेतात. महादजींचा बीडशी संबंध होता हे मात्र खरं: त्यांचे गुरू मन्सूरशहा यांचा दर्गा याच शहरात आहे. उत्तरेत दिल्लीपर्यंत दरारा असलेला हा मराठा सरदार बीडच्या एका फकिराला गुरू मानत होता. दर्ग्यात जाताना डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवावा. जुन्या गावात कोतवाली वेशीसारख्या जुन्या वेशींच्या खुणा अजून आहेत. तिथे पायीच फिरावं, चारचाकी आत नेली तर आपलीही अडचण आणि गावाचीही.

बीडला येण्याची वाटही आता बदलली आहे. कित्येक दशकं ज्या रेल्वेची वाट पाहिली गेली, ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत धावली. त्या दिवशी बीडकरांना झालेला आनंद जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सहज समजणार नाही. जिल्ह्याचं मुख्यालय तोवर रेल्वेच्या नकाशावरच नव्हतं. वेळ हाताशी असेल तर एकदा तरी या गाडीने यावं. गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. पुण्याकडून थेट अंबाजोगाई गाठायची असेल, तर पनवेलहून नांदेडला जाणाऱ्या गाडीने परळीला उतरणं सोयीचं. लातूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे एसटीने तास-दीड तासात अंबाजोगाई गाठता येते.

दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्यांनी धारूरला वळसा घालावाच. बीड आणि अंबाजोगाई यांच्या मधल्या डोंगरांत हे गाव आहे. गावालगतचा भुईकोटासारखा दिसणारा, पण तीन बाजूंनी दरी असलेला किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७च्या सुमाराला उभारला. दोनच वर्षांत निजामशाहीने तो घेतला, पुढे मोगलांनी. तटावरून खालच्या दरीकडे पाहिलं की या किल्ल्यासाठी इतक्या लढाया का झाल्या ते कळतं.

किल्ल्याइतकंच आकर्षण सीताफळांचं. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर ही झाडं आपसूक वाढतात. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसतात, तळाला सीताफळाचाच पाला घातलेला असतो. घेताना नुसता आकार पाहू नये. डोळे रुंदावलेले आणि डोळ्यांमधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या झालेलं फळ पाडाला आलेलं समजावं; ते दोन-तीन दिवसांत घरी पिकतं आणि प्रवासात टिकतं. हाताला मऊ लागणारं फळ तिथेच, झाडाखाली बसून खावं. दाबून पाहायचं असेल तर अंगठ्याने अगदी हलकेच, कारण दाबलेलं फळ काळं पडतं आणि नुकसान त्या बाईचं होतं. ऊन-काट्यांतून डोंगर चढून तिने ती तोडून आणलेली असतात, तेव्हा दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये.

पाण्याचे धबधबे पाहायचे तर हिशेब पावसाचा. पाटोदा तालुक्यात विंचरणा नदीवरचं सौताडा आणि मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, दोन्हीकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जावं, तेही त्या वर्षी पाऊस बरा झाला आहे ना हे विचारून. सौताड्याला खोल दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या ओल्या असतात, जपून उतरावं. कपिलधारला 'परमरहस्य'कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव भाविकांची मोठी यात्रा भरते.

गोदाकाठाला फक्त दोन नावं सांगता येतील. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ला माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. शनीचं जुनं स्थान म्हणूनही लोक तिथे जातात. पावसाळ्यात गोदावरीला पूर असेल तर घाटावर उतरू नये. दुसरं माजलगाव तालुक्यातलं पुरुषोत्तमपुरी. पुरुषोत्तमाचं हे देऊळ अधिक महिन्यात गजबजतं, जावयाला धोंडे-अनारशांचं वाण देणारी कुटुंबं आवर्जून इथे येतात. रामदेवराय यादवाचा शके १२३२चा ताम्रपट इथलाच. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ आहे. उन्हाचा कडाका लक्षात घेऊन त्या दिवसांत दर्शन सकाळी आठच्या आत उरकावं.

जेवणासाठी मोठी हॉटेलं शोधत बसू नये. ज्वारी-बाजरीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि दही, हे साध्या खानावळीत जास्त चांगलं मिळतं. तिखट या भागात सढळ असतं. मुलांसाठी आधी सांगून ठेवावं. जानेवारीत ज्वारी दाण्यात भरली की हुरड्याचे दिवस येतात. ओळखीपाळखीतून एखाद्या शेतावर बोलावणं आलं तर बाकीचे सगळे बेत मागे ठेवावेत, आणि जाताना गूळ किंवा साखर-पत्तीचा पुडा हातात न्यावा.

हिवाळ्यात येणाऱ्याला रस्त्यांवर आणखी एक गोष्ट दिसेल. दिवाळी झाली की या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, लेकरं आणि शेळ्यासुद्धा. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतल्या कित्येक वाड्या-तांड्यांत मग म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलंच मागे राहतात, ती थेट पाडव्याच्या सुमाराला घर भरेपर्यंत. अशा ट्रॉलीचे फोटो काढू नयेत, निदान विचारल्याशिवाय तरी नाही. रात्री या रस्त्यांवर गाडी हळू चालवावी, कारण बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात. आणि एखाद्या वाडीत दुपारी पाणी मागायला थांबलात, तर दारात बसलेल्या आजोबांशी दोन शब्द बोलावेत. पोरं कोणत्या कारखान्यावर गेली आहेत, हे ते आपणहून सांगतील.

यातली मुख्य ठिकाणं एका फेरीत बसवायची तर चार दिवस पुरतात: पहिल्या दोन रात्री अंबाजोगाईत, त्यातच एका पहाटे परळी, तिसऱ्या दिवशी धारूर करत बीड, तिसरी रात्र बीडला, आणि चौथ्या दिवशी सकाळी खजाना बावडी व कंकालेश्वर पाहून दुपारच्या गाडीने परत. मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी बीड आणि धारूर पुढच्या खेपेला ठेवावं आणि दोन्ही दिवस अंबाजोगाईलाच द्यावेत.